पट आणि पाटी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहायच्या कागदाचा, फोटो मिळाला. एकतिसाव्या चालीपुढचे बरोबरीचे चिन्ह थरथरत्या हाताने काढलेले दिसते. सगळे अभिनंदन करत असताना तुला झोप का लागत नाही, असे विचारतेस. लागत नाही हे उत्तमच झाले.

रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, ४०० गुणांनी वरच्या खेळाडूशी बरोबरी केल्यावर, तुझा के-घटक (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा) ४० असल्याने, त्यात सुमारे १७ गुणांची भर पडेल, पडू दे. पण पटावर काय होते? दोघांकडे एकेक हत्ती, तुझे ए-पट्टीवरचे, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेतले, प्यादे मोकळे (वाटेत समोरच्याचे प्यादे नाही), तुझा हत्ती त्याच्या पाठीशी आणि समोरच्याचा हत्ती ते अडवण्यातच गुंतलेला. याच धाटणीच्या शेवटात १९२७ साली ब्युनोस आयर्सला अलेखाइनने तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याच्याविरुद्धचा चौतिसावा डाव ८२ चालींपर्यंत नेला आणि जगज्जेतेपद मिळवले. तू मात्र चाल करून, घड्याळ दाबण्याआधी, अगदी नियमानुसार बरोबरी मागितलीस. पटाने ती मागितली नव्हती, टेबलावरच्या नावाच्या पाटीने मागायला लावली. खेळायचे पटाशी असते, पाटीशी नव्हे.

२००४ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला तेरा वर्षांच्या कार्लसनने, जो पुढे जगज्जेता झाला, जलद डावात माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला बरोबरीत रोखले, हा दाखला तुला एव्हाना कोणी दिलाच असेल. अगं, तो डाव ५२ चाली चालला आणि कार्लसनचा विजय निसटला तो घड्याळाच्या ताणात. त्या मुलाने पाटी वाचून हात पुढे केला नव्हता.

मी केला होता. कॉलेजात असताना एका नामांकित खेळाडूने, माझे एक प्यादे जास्त असताना, बरोबरी देऊ केली आणि मी पटाकडे पुन्हा न पाहता ती घेतली. त्याने डबीतली बडीशेप पुढे केली, तीही मी प्रसादासारखी खाल्ली. शेवटची लोकल चुकली असती हे खरे, आणि फलाटावर रात्र काढणे सोपे नसते, हेही तू लक्षात घे. असो. तेव्हापासून डावात जीव असेतोवर मी बरोबरी मागितलेली नाही. त्यापायी कितीतरी डाव हरलो, मित्र हेकट म्हणतात. पण त्या हरलेल्या डावांपैकी एकही मला रात्री उठवत नाही. बडीशेप मात्र आजही मला चालत नाही.

रविवारी सकाळी ये. तीच स्थिती मांडून ठेवतो. तुझ्या घड्याळात तेव्हा उरली होती तेवढीच, अकरा मिनिटे मिळतील आणि बरोबरी मागता येणार नाही.

तुझे,
सर