ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्ग सरळ रद्दच का करत नाहीत? कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना दुसरा पर्याय काय?

होणार नसेल तर खुशाल रद्द करा. पण लेखी करा. मार्गात घर जाणार म्हणून ज्यांच्या दारावर नंबर टाकलाय त्यांच्या हातात कागद द्या, की तुमचं घर आता या प्रकल्पात नाही. "पुढच्या टप्प्यात बघू", "पुनर्वसनाचं चाललंय" ही उत्तरं आता पुरे झाली.

मी कळव्याची, रुळांच्या कडेच्या वस्तीतली. लग्न करून डोंबिवलीला आले आणि नोकरी ऐरोलीत. म्हणजे या मार्गात घर जाणारी माणसं माझी, आणि मार्ग झाला, ठाण्याला न उतरता कळव्यावरून थेट नवी मुंबईची लोकल मिळाली, तर ज्यांचा रोजचा जीव वाचेल त्यांतही मी आहे. त्यामुळे यावर कुणी एकाच बाजूने बोलायला लागलं की मला गप्प बसवत नाही.

पैशांचा मुद्दा आधी संपवते. हा मार्ग एमयूटीपी-३ मधला, म्हणजे मुंबईच्या लोकल वाढवण्याच्या सरकारी प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेला. सगळ्या एमयूटीपी-३ चा खर्च १०,९४७ कोटी, त्यात पनवेल-कर्जत दुहेरीकरण, विरार-डहाणू चौपदरीकरण, नवे डबे, सगळं आलं. आपला ऐरोली-कळव्याचा आठेक किलोमीटरचा तुकडा ४७६ कोटींचा. शंभरातले चार-साडेचार रुपये. एवढ्या पैशासाठी काही अडत नाही आणि खाडीखालून बोगदाही काढायचा नाहीये. अडलंय ते हजारेक कुटुंबांना कुठे न्यायचं यावर.

आमच्या घरी मोजणीवाले आले तेव्हा मी माहेरी होते. चौकटीवर लाल रंगाने नंबर टाकला. मग बाबांना दारात उभं केलं, त्यांच्या हातात पाटी दिली, पाटीवर खडूने नाव आणि तोच नंबर, आणि फोटो काढला. बाबांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने शेजारणीला सांगितलं, आता पक्कं घर मिळणार. चहासुद्धा केला सगळ्यांना.

त्यानंतर त्या घराला खिळा ठोकला गेला नाही. पत्रे गंजले, तर बाबा म्हणाले आज-उद्या जायचंच आहे, कशाला पैसे घालायचे. वर निळी ताडपत्री टाकली, ती उडू नये म्हणून जुने टायर ठेवले. दर पावसाळ्याआधी फक्त ताडपत्री बदलायची. मोरीची फरशी उखडली ती तशीच. आईला स्वयंपाकाचा ओटा उभा करून हवा होता, गुडघे धरतात म्हणून, तोही नाही. धाकट्या भावाला स्थळ आलं, मुलीकडची माणसं चांगली होती, घर बघायला आली आणि चौकटीवरचा नंबर बघून विचारलं, हे घर राहणार की जाणार? बाबांकडे उत्तर नव्हतं. "जाणार" म्हणावं तर कुठे ते माहीत नाही, "राहणार" म्हणावं तर खोटं. पुढे त्यांचा फोन आला नाही.

कागदांची पिशवी अजून खिळ्याला टांगलेली आहे. उंचावर, कारण जुलैत पाणी आत येतं. रेशनकार्ड, वीजबिलं, मतदारयादीचं पान, मोजणीची पावती. कुणी सरकारी माणूस गल्लीत दिसला की आई आधी पिशवी काढते.

आणि हे सगळं माहीत असून आमचे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, गणपतीत भरल्या घरात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण हजार झोपड्यांसाठी लाखो लोक ठाण्याला लटकतात. रेल्वेची जागा अडवून बसायचं आणि वर फुकट घर मागायचं." बाबा समोर पानावर बसले होते. ते ताट तसंच ठेवून हात धुवायला उठले. घरात पाहुणे म्हणून मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

भाऊजी, ठाण्याला लटकतात त्यांत तुम्ही नाही. तुम्ही शिळफाट्यावरून गाडीने महापेला जाता. लटकते मी. सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला उतरायचं, पुलावर चढायचं, त्या पुलावर पाय उचलावा लागत नाही इतकी रेटारेटी, आणि नऊ-दहा नंबरला उतरेपर्यंत वाशी लोकल डोळ्यांसमोर सुटलेली असते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती याच कल्याण-ठाणे मार्गावरच्या लोकलमधली. कल्याणहून थेट वाशी-पनवेलला गाडी हवी हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. तरीही मी म्हणते, आधी घरं द्या.

फुकट घर हा शब्दही मला मान्य नाही. एमयूटीपीत बाधित झालेल्या कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर, हा नियम डिसेंबर २००० च्या धोरणातच लिहिलाय. आमच्या गल्लीने नवीन काही मागितलेलं नाही. त्याच धोरणाखाली रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना मानखुर्द आणि चेंबूरच्या वाशी नाक्याला हलवलं, त्यानंतरच तिथे नवे रूळ पडले. तेही सुरळीत झालं असं नाही. पुनर्वसनाच्या तक्रारींवरून २००६ मध्ये जागतिक बँकेने काही काळ पैसे थांबवले होते, वाशी नाक्याच्या इमारतींत आजही लोक पाण्यासाठी आणि लिफ्टसाठी भांडतात. पण घर आधी, रूळ नंतर, हा क्रम तेव्हा जमला होता. कळव्यात उलटं केलं. मार्ग जाहीर केला, घरांवर नंबर टाकले, आणि नेणार कुठे याचा शोध मागाहून.

काहीजण म्हणतात पहिला टप्पा तर झालाय. दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, तेही तयार होऊन कित्येक महिने कुलपात होतं. दिघ्याच्या लोकांची सोय झाली, त्याचा आनंदच आहे. पण ते स्टेशन ठाणे-ऐरोलीच्या मध्ये, ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्या, २००४ पासून चालू असलेल्या ट्रान्स हार्बर लाइनवरच आहे. कळव्याहून वर चढणारा पूल नसेल तर कल्याणकराला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला ठाण्याला उतरावंच लागतं.

आता तुमचा पर्यायांचा प्रश्न. लोकलने जायचं तर आज हाताशी असलेला पर्याय एकच, ठाण्याला गाडी बदला. काहीजण कळव्याला उतरून विटाव्यामार्गे रिक्षाने ऐरोली गाठतात, मीही जाते कधी कधी, पण पाऊस जोरात झाला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं आणि मग रिक्षावाला नाहीच म्हणतो. पारसिक डोंगरातून बोगदा काढून ऐरोली-काटई रस्ता होतोय, डोंबिवलीकरांना तो खरंच जवळचा पडेल, पण तो गाडीवाल्यांसाठी आणि फारतर बससाठी. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं काम चालू आहे, ती तळोज्याकडे उतरते, ऐरोली-घणसोली-रबाळ्यात नोकरी असेल तर लांबचा फेरा. म्हणजे लोकलला पर्याय यातला एकही नाही. म्हणून प्रकल्प रद्द झाला तर नुकसान आहेच, आणि ते माझंही आहे.

पण माझ्या मते आजचं नुकसान त्याहून मोठं आहे. रद्द झाला तर प्रवाशाला निदान दुसरी मागणी लावून धरता येईल. ठाण्याच्या त्या पुलाचं रुंदीकरण मागा, वाशी लोकलच्या फेऱ्या वाढवून मागा. आता काहीही मागितलं की उत्तर तयार असतं, थेट मार्ग येतोय ना. आणि आमच्या बाबांना पत्रे बदलता येतील. ओटा होईल.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर कुणी म्हणेल एकाच बाजूचं लिहिलंय. वस्तीतली सगळी घरं पात्र ठरणार नाहीत, हे मला मान्य आहे. मोजणीनंतर मधे भिंती घालून दोन खोल्यांच्या चार करणारे आमच्याही गल्लीत निघाले, त्यांच्यामुळे खऱ्यांचे कागद संशयाखाली आले. काहींना कळवा सोडून लांब जायचंच नाही, कारण धुण्याभांड्यांची कामं इथली आहेत, आणि त्यांचं ऐकून घ्यायला हवं. रेल्वेच्या जागेवर कायम राहू द्या असं मी म्हणत नाहीये. पात्र कोण ते ठरवा, यादी वस्तीत लावा, घर कुठे ते सांगा, किल्ली द्या आणि मग पूल बांधा. माझे बाबा स्वतः सामान बांधतील.

आणि तुम्ही स्वतः डोंबिवली-कल्याणचे असाल तर "रद्द का करत नाहीत" हे विचारताना सोबत एवढंही विचारा, की पुनर्वसनाची यादी कुठे लावली आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, दहा रुपये लागतात. अर्ज प्रवाशांकडून गेला तर वजन वेगळं पडेल, वस्तीतून गेलेले अर्ज बघून झालेत.