मुलीला घेऊन अमेरिकेला निघताय? कॉलेजच्या एडचं आधी बघा

तुम्ही विचारलंय की कंपनी एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) अमेरिकेला पाठवते आहे, मुलगी यंदा दहावीला आहे, तिकडे हुशार मुलांना कॉलेजं भरपूर फायनान्शियल एड, म्हणजे फीसाठी पैशांची मदत, देतात असं ऐकलंय, तर फीची काळजी करायची का? हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना. कुठला फॉर्म, कुठली मुदत, हे सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी शिरत नाही.

काळजी करा. इथे एड ठरताना आधी तुमचे इमिग्रेशनचे कागद बघतात, मग घरचं उत्पन्न, आणि मुलीचे मार्क बऱ्याच ठिकाणी त्यानंतर. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत म्हणजे पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारे, परत न करायचे पैसे), सरकारी लोन, वर्क-स्टडी (शिकताना काम करून पैसे). ती फॅफ्सा नावाच्या फॉर्मवरून मिळते आणि ती नागरिक, ग्रीन कार्डवाले, शिवाय आश्रय मिळालेल्यांसारखे काही थोडे लोक, एवढ्यांनाच. तुमची मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोमुलांच्या व्हिसावर येणार. तिला यातलं काहीही नाही. तुम्ही इथे कितीही वर्षं टॅक्स भरलात तरी नाही. खाजगी बँकांचं लोनही बहुतेक वेळा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीनदार मिळाला तरच.

आम्ही आलो तेव्हा आमची मोठी शाळेत खालच्या वर्गात होती, त्यामुळे हे सगळं फार लांबचं वाटायचं. बारावीत शाळेने सगळ्या मुलांना एका हॉलमध्ये बसवून फॅफ्सा भरायला लावला. नागरिकत्वाच्या प्रश्नापाशी तिचा फॉर्म अडला. काउन्सेलर बाईंनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की तुझ्या आईवडिलांनी कागद नीट केलेले दिसत नाहीत. आमचे कागद चोख होते. एच-४ म्हणजे काय हेच त्या बाईंना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नाही. पोरगी घरी येऊन म्हणाली, "आई, आपण इथे बेकायदा आहोत का?" इतकी वर्षं झाली, ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुमच्या मुलीला हे सगळं विमानात बसायच्या आधी तुम्ही स्वतः सांगा. वर्गात कळायला नको.

आता कॉलेजं स्वतःच्या पैशातून जी मदत देतात तिच्याबद्दल. तिथे एच-४ च्या मुलांना बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थी म्हणूनच धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, ही कॉलेजं परदेशी मुलांच्या प्रवेशाचा निर्णय घेताना त्यांना पैसे लागणार आहेत का हे बघत नाहीत, आणि घेतलं तर हिशोबाने निघालेली गरज पूर्ण भागवतात. पण तिथे प्रवेश मिळणंच किती अवघड, ते तुम्हाला माहीत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी एड मागितली की परदेशी मुलाच्या प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणून लोक सल्ला देतात की आत्ता मागू नका, प्रवेश झाल्यावर बघू. तो सल्ला ऐकू नका. पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढची सगळी वर्षं मागता येत नाही, असा नियम परदेशी विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ कॉलेजांत आहे. लागणार असेल तर आधीच मागायची. याखेरीज काही कॉलेजं नुसत्या मार्कांवर, व्हिसा न विचारता स्कॉलरशिप देतात. नावाने फार मोठी नसलेली कॉलेजं यात उदार असतात, ती शोधा.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या साइटवर २०११ पासून कायद्याने ठेवावा लागतो. उत्पन्न टाकलं की अंदाजे खर्च दाखवतो. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, बहुतेक ठिकाणी तो नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतो.

कागदांचा छळ वेगळाच. खाजगी कॉलेजं बहुधा सीएसएस प्रोफाइल नावाचा एडचा वेगळा फॉर्म मागतात आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. तुम्ही २०२६ मध्ये आलात, मुलगी अकरावीत बसली, तर कॉलेज २०२८ च्या ऑगस्टमध्ये सुरू होईल आणि हिशोब २०२६ चा लागेल. म्हणजे अर्धं वर्ष भारतातलं, अर्धं इथलं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, यांचं जानेवारी ते डिसेंबर. फॉर्म १६ सरळ देऊन भागत नाही, दोन वर्षांतून महिने वेगळे काढून डॉलरमध्ये मांडावे लागतात. गावाकडच्या जमिनीत वाटा असेल, सातबाऱ्यावर नाव असेल, तर त्याची किंमत काय आणि ती विकत का नाही, हे समजावत बसावं लागतं. सलग सगळ्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स आणि घराच्या कर्जाचे कागद निघण्याआधीच स्कॅन करून ठेवा. इथून मागवताना जीव जातो.

सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांना फी बरीच कमी असते. एच-४ ला ती सवलत काही राज्यं देतात, काही देत नाहीत. कंपनीने दोन शहरांचा पर्याय दिला असेल तर पगाराइतकंच हेही बघा. आमच्या मोठीला मनासारख्या खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला होता, एड शून्य. ती राज्याच्या विद्यापीठात गेली. लायब्ररीतली साधी नोकरीही तिला करता येत नव्हती, कारण एच-४ वरच्या मुलांना कामाचा परवाना मिळत नाही.

यातलं सगळ्यात अवघड आहे ते वयाचं. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. भारतीयांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं हलत नाही, आणि मूल २१ चं झालं की एच-४ संपतो. आमची मोठी रांगेतच २१ ची झाली. तिला एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागला. नंतर आमचा नंबर लागला, धाकट्याला आमच्याबरोबर ग्रीन कार्ड मिळालं, तिला नाही. धाकट्याने फॅफ्सा भरला. आयटीतल्या पगारावर पेल ग्रँट मिळत नाही, ते ठीक, पण पहिल्या वर्षाला ५,५०० डॉलरचं सरकारी लोन कुणाच्या जामिनाशिवाय मिळालं, कॅम्पसवर काम मिळालं. एकाच घरातली दोन मुलं, तेच आईवडील, तोच पगार. मोठी आता स्वतःच्या एच-१बीवर आहे, स्वतंत्र रांगेत, मागे उभी. ती कधी बोलून दाखवत नाही. धाकट्याची फी भरताना मला आनंद होतो आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचतं. इथे आलो ते चांगलं झालं का, असं कुणी विचारलं तर मुलाचं उत्तर मी लगेच देते, मुलीचं देता येत नाही.

तुमच्या पत्नीने एकटेपणाबद्दल विचारलंय. वाटतं. पहिल्या थंडीत जास्त. मग माणसं जोडली जातात, मराठी मंडळं आहेत, शेजारी चांगले निघतात. त्यावरून निर्णय बदलू नका.

निर्णय बदलायचाच तर तो कंपनीच्या वकिलाच्या उत्तरावरून बदला. सही करण्याआधी त्याला विचारा की ग्रीन कार्डची प्रक्रिया पहिल्या वर्षीच सुरू करणार का, आणि मुलीच्या जन्मतारखेप्रमाणे ती २१ ची होईपर्यंत नंबर लागण्याची खरी शक्यता किती. उत्तर लेखी घ्या. "नंतर बघू" असं म्हणाले तर दोन वेगळे हिशोब मांडा: एक, चारही वर्षांची पूर्ण फी तुमच्या खिशातून, दुसरा, मुलीची पदवी भारतातच आणि एमएसला तिने स्वतःच्या व्हिसावर यायचं. दुसरा हिशोब पटला तर तिला आजीकडे ठेवून दोघांनी पुढे या. लोक नावं ठेवतील, ठेवू द्या. मी आज निघत असते तर या पर्यायाचा खरोखर विचार केला असता.