चंद्रपूरच्या खदानीवर जाण्याआधी

भावा, शाहूवाडीकडच्या बॉक्साइटच्या खाणी तू बघितल्यास, पण चंद्रपूरकडची उघडी कोळसा खदान वेगळीच. वरचे माती-दगड आधी उपसायचे. त्याला सगळे ‘ओबी’ म्हणतात. टनभर कोळशामागे किती घनमीटर ओबी निघतो, यावर खदान पुढे वाढवणं परवडतं का ते ठरतं.

सगळ्यात आधी डंपर. ड्रायव्हर इतका उंच बसतो की चाकाजवळचा माणूस त्याला दिसतच नाही. त्याने हात करून खूण दिल्याशिवाय पुढून जाऊ नकोस. उभी जीप डंपरखाली चिपाड झालेली मी पाहिलीय. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

पावसाळ्यात बेंचच्या, म्हणजे खदानीत कापलेल्या पायरीच्या, कडेला बोटभर भेग दिसली, तर आधी मागे सर, मग ओव्हरमनला, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याला, सांग. कोळशाचा जुना ढीग आपोआप पेटतो. पहाटे वाफ, पेट्रोलसारखा वास आला की लगेच कळव.

विस्तारासाठी १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याने जमीन घेतात. मोजणीला गावात गेलास तर चप्पल काढून ओसरीवर बस, त्यांचं ऐक. काळम्मावाडी धरणात आपल्याकडचीही गावं उठली होती.