विकणारा 'बुखारा' म्हणाला की गालिचा आधी उलटा कर

अरे, विकणारा 'बुखारा' म्हणाला की लगेच पाघळू नकोस, बुखारा ही मध्य आशियातली बाजारपेठ, विणणारे तिकडचे तुर्कमेन लोक, म्हणजे तेक्के, योमुत, सारिक, एर्सारी असले कबिले. उलटा करून गाठी बघ, मग लोकर बोटांनी फाकवून मुळाशी बघ, वर फिकट राखाडी आणि आत भडक जांभळट गुलाबी दिसलं की समज केमिकल रंग आहे, म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटाकडचा नाहीतर नंतरचा, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल असा उडत नाही. ओला पांढरा रुमाल पण घास, लाल लागला तर निघ तिथनं. मी पहिल्या वेळी नुसता चहा पिऊन पैसे मोजून आलेलो, असो. आणि सुरुवातीलाच मोठा पीस नको, तंबूत सामान ठेवायची चुवाल पिशवी असते ना, तिचा नुसता विणलेला दर्शनी भाग सुटा मिळतो, तो घे.