कोड नंतर, आधी फाईल उघड

बेटा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण राग आला होता म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. दोन महिने झाले सर, दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पेशंटच्या नुसत्या फाईली लावून राहिली, वर्गातल्या पोरी नागपूरला एसीत बसून आजारांचं कोडिंग शिकून राहिल्या, मी इथं थांबू का नको, असं तू लिहिलंस. धूळ आहे, पंखा चालत नाही, सगळं खरं आहे. पण तू नुसत्या फाईली लावतेस, उघडत नाहीस, हे मी रोज पाहून राहिलो आणि माझं दुखणं तेच आहे.

कोड काय, पुस्तकात सापडतो. आयसीडी १० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या यादीत, फवारणीच्या औषधाची विषबाधा चुकून झाली तर एक्स ४८, स्वतः घेतलं तर एक्स ६८. फरक एका आकड्याचा. पण चुकून की स्वतः, हे पुस्तक सांगत नाही बेटा, फाईल सांगते.

नोकरीत चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट, दुसऱ्या दवाखान्यात होतो. कपाशीवर फवारणीचे दिवस, वॉर्ड भरलेला, रोज तेच पेशंट. एक शेतकरी गेला आणि मी रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहून टाकलं, विष प्राशन. वरच्या आठ-दहा ओळीत तेच लिहिलेलं होतं, हात तसाच चालला. महिन्यानं त्याची बायको आली, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, मृत्यूचा दाखला, आणि माझ्याच सहीचा रजिस्टरचा उतारा. साहेब, ते प्यायले नव्हते हो, पंप पाठीवर गळत होता. शेतकरी अपघात विम्यात आत्महत्या बसत नाही, म्हणून त्या दोन शब्दांवर तिचं प्रकरण अडलं होतं. तेव्हा कुठं मी फाईल काढली. आत सिस्टरच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, ओले कपडे काढले, अंग साबणानं धुतलं, मग अ‍ॅट्रोपिनचे, म्हणजे विष उतरवायच्या औषधाचे, डोस वेळेसकट. पाठीची कातडी लाल, हेही. सगळं होतं. मीच उघडली नव्हती.

चुकीवर एक रेघ मारून, बाजूला तारीख, डॉक्टरांची सही, अशी दुरुस्ती करून दिली. तोवर बाईच्या तालुक्याला किती चकरा झाल्या असतील. पैसे मिळाले का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२०१७ ला यवतमाळला फवारणीत किती शेतकरी गेले ते तू शाळेत असताना ऐकलं असशील. प्रत्येकाच्या मागं एक फाईल होती आणि ती कोणीतरी वाचली किंवा नाही वाचली.

म्हणून मी शंभर फाईली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर सही करत नाही. तुमच्या कॉलेजातून फोन येतात, पोरांकडून हमाली करून घेता म्हणून. येऊ देत. आता आभाचा, म्हणजे पेशंटच्या डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा आकडी नंबर आला, उद्या सगळं ऑनलाईन होईल, झालंच पाहिजे, पण तिथंही कोणीतरी बसून हाच कागद वाचूनच भरणार ना? न वाचता भरलं तर माझं विष प्राशन दिल्लीपर्यंत जाईल, एवढंच. मी हट्टी आहे असं म्हणतात, मला चालतं. त्या बाईसमोर मी उभा होतो, ते म्हणणारे नव्हते.

आणि फॉर्म ४ वर, म्हणजे डॉक्टर मृत्यूचं कारण लिहितात त्या कागदावर, नुसतं कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट दिसलं की पुढं ढकलू नकोस. मरताना हृदय सगळ्यांचंच थांबतं, ते कशानं थांबलं ते पाहिजे. डॉक्टरांकडे परत घेऊन जा. चिडतील, जा. काहून घाबरतेस, मी आहे मागं.

तू हुशार आहेस, अक्षर वाचायची नजर आहे तुला, म्हणून तर एवढं लिहून राहिलो, बाकीच्यांना मी दोन ओळीत उत्तर देतो. नागपूरला जायचं तर जा, अडवणार नाही, पण शंभर झाल्यावर. सोमवारी मागच्या सप्टेंबरचा विषबाधेचा गठ्ठा काढून ठेवतो. चाळीसेक फाईली आहेत. वही आण, डायग्नोसिसचं पान झाकून आधी आतलं वाच आणि प्रत्येकीपुढं लिही, प्यायला की फवारत होता, आणि हे कोणत्या पानावरून कळलं. कोडचं पुस्तक माझ्या टेबलावर राहील, दुपारी देतो.