‘पीक डिमांड’ म्हणजे नेमकं काय, आणि आमच्या एका फ्लॅटने त्यात काय फरक पडणार?

इंदिरानगरच्या वीस फ्लॅटच्या इमारतीत राहता, वीज जपूनच वापरता, मग आणखी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये इमारतींच्या वायरिंगची कामं करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

‘पीक डिमांड’ म्हणजे एकाच वेळी लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा भार. युनिट वाचवणं आणि हा पीकचा भार कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं, मग सकाळी सात वाजता लावा नाहीतर दुपारी दोनला. पण सातला तुमच्या इमारतीतले वीसही गीझर चालू असले, तर नुसता त्यांचाच भार ४० किलोवॅट होतो. शिवाय पंप, लिफ्ट, मिक्सर आहेतच. केबल आणि डीपी (इमारतीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) त्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने बसवावी लागते. सिंहस्थात गोदावरीच्या घाटांची व्यवस्था पर्वणीच्या गर्दीचा अंदाज घेऊनच करतात, तसंच हे.

राज्याच्या पातळीवर खरी ओढाताण संध्याकाळी होते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, पण ती भर दुपारी, सौर वीज हाताशी असताना. सूर्य मावळला की ती वीज शून्यावर येते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, एसी, इंडक्शन सुरू होतात. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या वीज केंद्रातला बंद संच तापवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. म्हणून अशा वेळी कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर भिस्त असते. आपल्याजवळच्या घाटघरला तर मागणी कमी असताना पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि पीकच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करतात. चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, तरी ते परवडतं, इतकी संध्याकाळची वीज मोलाची असते.

आता घरातलं. सगळ्यात सोपा आणि मोठा बदल सोसायटीच्या पंपाचा: टाकी सकाळी किंवा संध्याकाळी न भरता दुपारी भरा. गीझर थंडीत पहाटे लवकर लावून बंद करा. टाकीचा असेल तर पाणी तास-दोन तास सहज गरम राहतं. गच्चीवर जागा असेल तर सौर बंब बसवाच, आपल्याकडे ऊन भरपूर आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी दुपारी. इलेक्ट्रिक स्कूटर घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, रात्री अकरानंतर लावा. एसी २५-२६ वर ठेवून पंखा लावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे नवा कमी वीज खाणारा पंखा ३० च्या आसपास, आणि पंखे तर ऐन संध्याकाळीच सगळ्या खोल्यांत फिरत असतात. फ्रिज मात्र बंद-चालू करत बसू नका.

महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर (‘टाइम ऑफ डे’, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट सवलतही आहे.

एका फ्लॅटने राज्याची मागणी हलणार नाही, हे खरं. पण वीस फ्लॅटच्या डीपीवर पाच घरांनी वेळ बदलली तरी फरक पडतो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पंपाच्या वेळेचा आणि त्याला टायमर बसवण्याचा विषय काढा.