विचारा बिनधास्त: खाऊचे डबे आणि महिनाअखेर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की घरी केलेलं सगळंच काही स्वस्त पडत नाही, तर तुम्ही मंडळींनी मला चांगलंच फैलावर घेतलंय. मी अजून तेच म्हणते. ब्राउनी करायची म्हणून कोको पावडर, बटर, चॉकलेट कंपाउंड, व्हॅनिला सगळं आणायचं, एकदा हौस भागवायची आणि मग उरलेली कोको पावडर दोन वर्षं फ्रिजच्या दारात गोळे होऊन पडणार, ती ब्राउनी केवढ्याला पडली सांगा बरं. घरचा खाऊ स्वस्त पडतो तो डब्यात आधीच असलेल्या जिनसांतून केला तर, आणि केलेला संपला तर. असो, भांडण पुरे, प्रश्न बघू.

काकू, माझी दोन मुलं, पाचवीत आणि दुसरीत. छोट्या सुट्टीसाठी रोज दोघांना दहा-दहा रुपयांचं पाकीट लागतं. रविवारी एकदाच करून ठेवता येईल असं सांगा. तळण करत बसायला मला वेळ नाही आणि पोह्यांचा चिवडा बघूनच मुलं तोंड फिरवतात. (डोंबिवली)

अगं, रोजचे वीस रुपये म्हणजे शाळेचे २४ दिवस धरले तर ४८० रुपये झाले की, आणि पाकिटात अर्धी हवाच. तू भडंग कर. सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूरकडचा प्रकार आहे, चुरमुऱ्यांचा, म्हणजे तुमच्या मुंबईकडचे कुरमुरे आणि नागपूरकडचे मुरमुरे, नाव काहीही घ्या. मुलांना हा चिवडा वाटतच नाही, माझ्या भाच्याला तर मी "मसाला क्रिस्पीज" म्हणून दिला होता.

अर्धा किलो चुरमुरे घे. मोठ्या कढईत दोन-तीन घाणे करून मंद आचेवर परत. एक दाणा बोटात दाबायचा, कुर्र करून पूड झाली तर झालं, चिवट लागला तर अजून दोन मिनिटं. हे टाळलंस तर पुढचं सगळं वाया. मग अर्धी वाटी तेल तापवून मूठ-दोन मूठ शेंगदाणे तळून काढ आणि त्याच तेलात पंधरा-वीस लसूण पाकळ्या सालासकट ठेचून टाक. आता इथे खरी गोम आहे बघ. लसूण जरा तांबूस दिसला की आपण घाईने पुढे जातो, पण तो आतून ओला असतो आणि तोच ओलेपणा बुधवारपर्यंत अख्खा डबा मऊ पाडतो. लसणाभोवतीचे बुडबुडे पार थांबेपर्यंत उभी राहा, कढीपत्त्याचंही तसंच, पान हातात चुरलं गेलं पाहिजे. गॅस बंद कर, मिनिटभर थांब, मग हळद, लाल तिखट, धने-जिऱ्याची पूड, कारण तापलेल्या तेलात तिखट घातलं की ते काळं पडतं आणि ठसका घरभर. घरात मेतकूट असेल तर चमचाभर तेही, मग हे तेल आणि शेंगदाणे चुरमुऱ्यांत घालून कालव. मीठ आणि पिठीसाखर मात्र तेलात घालायची नाही, ती वरून चुरमुऱ्यांवर भुरभुरवायची, मीठ तेलात विरघळत नाही ते तळाशी बसतं आणि मग शेवटच्या दिवशी खाणाऱ्याचे हाल. चुरमुरे मुळातच खारे असतात तेव्हा आधी चाखून बघ. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर.

आमच्याकडे हा घाणा शंभर-सव्वाशे रुपयांत होतो आणि दोघांना आठवड्याच्या वर जातो, अर्थात घरातल्या मोठ्यांनी रात्री टीव्हीसमोर हात घातला नाही तर.

भाजणी विकतची चांगली आणते तरी माझी चकली कधी तेलात सुटते, कधी मऊ पडते, कधी दात पडतील अशी कडक. दर वेळी नवीनच काहीतरी. (जळगाव)

दर वेळी नवीन होतंय म्हणजे तुमचं माप दर वेळी बदलतंय, भाजणीला कशाला दोष देताय. तेलात सुटते म्हणजे मोहन, पिठात घालतो ते कडकडीत तेल, जास्त झालंय, कडक होते म्हणजे मोहन कमी. मऊ पडते त्याची कारणं दोन, एकतर पीठ सैल भिजलं नाहीतर गॅस मोठा होता, वरून लाल आणि आत कच्ची राहिली. सोऱ्यातून पडताना तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा चांगलं मळा, मळायला कंटाळलात की चकली तुटलीच.

मी काय करते सांगते. अख्खं पीठ पाडून पेपरवर चाळीस चकल्या मांडून ठेवत नाही. आधी एकच पाडते, एकच तळते, पाच मिनिटं गार होऊ देते आणि मोडून बघते, गरम चकली सगळ्यांचीच मऊ लागते त्यामुळे गरम असताना निकाल लावायचा नाही. सुटली तर गोळ्यात थोडी कोरडी भाजणी, कडक झाली तर चमचाभर कडकडीत तेल, की परत एक तळून बघायची. तेल तापलंय का बघायला पिठाची गोळी टाका, ती लगेच वर आली की चकल्या सोडायच्या आणि मग आच मध्यम. आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय झारा घालू नका.

मऊ पडलेल्या टाकून देऊ नका हो, मंद तेलातून पुन्हा एकदा काढा, बऱ्याच सुधारतात. नाहीच सुधारल्या तर चुरा करून भेळेत. बिघडलेला घाणा हाच सगळ्यात महाग पदार्थ असतो, तेल गेलं, गॅस गेला आणि नंतर नवऱ्याने विकतच्या आणल्या ते वेगळंच.

तळून उरलेलं तेल आमच्या घरी पुढच्या सणापर्यंत बरणीत ठेवतात आणि त्यातच पुन्हा तळतात. मी बोलले की "आम्ही इतकी वर्षं खाल्लं, काय झालं?" (नाशिक)

हा प्रश्न तेलाचा कमी आणि सासूबाईंचा जास्त दिसतोय, तरी तेलापुरतं सांगते. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडत जातं, त्यात जे घटक तयार होतात त्यांची मर्यादा एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने हॉटेलवाल्यांसाठीसुद्धा घालून दिलीय, टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, थोडं तापवलं तरी धूर यायला लागला, फेस मोडेना की ते गेलं समजा.

वाद घालण्यापेक्षा कढई बदला. लहान, खोलगट कढई घेतली की अर्ध्या लिटरपेक्षा कमी तेलात काम होतं, घाणे दोन जास्त पडतात एवढंच, आणि मुळात उरतंच थोडं. ते गार झाल्यावर फडक्यातून गाळा, आठवडाभरात भाजीच्या फोडणीत संपवा. बरणी भरायलाच नको म्हणजे सणापर्यंत ठेवायचा प्रश्नच येत नाही.

म्हशीचं दोन लिटर दूध सकाळी तापवताना फाटलं. पनीर करून कंटाळा आलाय, गोड काही होईल का? (कोल्हापूर)

होईल की, कलाकंदासारखी वडी. पण आधी वास घ्या, तापवताना फाटलेलं दूध चालतं, आंबूस किंवा कडवट वास येत असेल तर नाद सोडा. बऱ्याच जणी फाटलेलं दूध तसंच तासभर आटवत बसतात, चव छान येते पण वडी फुकटात झाली म्हणताना जळलेला गॅस कोणी धरतच नाही. त्यापेक्षा फडक्यावर गाळून घ्या, घट्ट पिळू नका, ओलसरच राहू दे. जाड बुडाच्या कढईत तो चोथा, वाटीभर चांगलं दूध आणि पाऊण वाटी साखर, साखर चाखत वाढवा. हलवत राहा, गोळा कढई सोडायला लागला की तूप लावलेल्या ताटलीत थापा. वेलची असेल तर घाला, नसेल तर आणायला जाऊ नका. निवळीत कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

माझ्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे. सूनबाईंना घरचाच केक हवा, अंड्याशिवाय. आमच्याकडे ओव्हन नाही, आणि करणार मी आहे. (एक आजोबा, सातारा)

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रव्याचा केक करा, कुकरमध्ये होतो आणि घरातल्या सामानात होतो.

एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी बिनवासाचं तेल. शेंगदाण्याचं तेल नको, केकला भजीचा वास येतो. रवा जाड असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवा. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगतो, मग दाटच झालं तर दोन चमचे दूध आणखी, भज्यांच्या पिठाइतपत हवं. तोवर जुन्या कुकरमध्ये तळाला वाटीभर मीठ पसरून वर एक स्टँड ठेवा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापवा. पाणी अजिबात घालायचं नाही, आणि झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्या. हे मी दोनदा सांगते कारण पहिल्या वेळी मी रिंग तशीच ठेवली होती आणि त्या केकला रबराचा जो वास आला त्याची आठवण आमच्याकडे अजून काढतात.

कुकर तापला की मगच पिठात अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून एकाच दिशेने हलकं ढवळा, चमचे म्हणजे चहाचे. लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता, डबा अर्ध्याच्या वर भरू नका. आच बारीक, चाळीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला झाकण उघडून बघायचा मोह होतो, उघडलंत की केक मधे बसला. शेवटी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढू नका.

क्रीमच्या भानगडीत पडू नका. कागदावर नातवाच्या नावाचं पहिलं अक्षर कापून घ्या, तो कागद केकवर ठेवा आणि चहाच्या गाळणीतून पिठीसाखर भुरभुरवा, कागद उचलला की अक्षर उमटतं. आदल्या रविवारी एकदा करून बघा, बिघडला तर तुम्ही आणि आजी चहाबरोबर संपवाल.

इथे चीक मिळत नाही, खरवस खायची फार इच्छा होते. कंडेन्स्ड मिल्कचे डबे न आणता होईल का? (दुबई)

खरवस म्हणू नका त्याला, खरवसाच्या जवळपास जाणारं काहीतरी म्हणा, मग निराशा होत नाही. एक वाटी दूध, एक वाटी दुधाची पावडर, एक वाटी घट्ट आणि आंबट नसलेलं दही, अर्धी वाटी साखर, वेलची-जायफळ. गुठळ्या मोडून डब्यात ओता, वर झाकण घाला नाहीतर वाफेचं पाणी पडतं, आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. गरम असताना हलतं, फ्रिजमध्ये ठेवल्यावर वड्या पडतात. दही पातळ असेल तर आधी फडक्यात तासभर बांधून ठेवा, यात बिघडायचं असेल तर तिथेच बिघडतं.

हॉस्टेलवर गॅस नाही, इंडक्शन चालत नाही, फक्त मिक्सरचं छोटं भांडं आहे. गोड खावंसं वाटतं आणि महिनाअखेरीला पैसे नसतात. (पुणे)

बाळा, भाजलेले शेंगदाणे पाव किलो आण, सालं चोळून फुंकून टाक. मिक्सर थांबवत-थांबवत फिरव, एकदम फिरवलास तर तेल सुटून लगदा होतो. मग दीडशे ग्रॅम चिरलेला मऊ गूळ घालून परत दोनदा फिरव, मिश्रण हाताला जरा तेलकट लागलं की वळ. तूप नको, पाक नको. दहा-बारा लाडू होतील, रूममेटला एकच दे. आणि दाणे घेताना साधे भाजलेले माग, मागच्या वेळी एकाने खारे दाणे वापरले आणि पत्र मला लिहिलं.